पर्मनंट वे

मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. या वेळेला सभ्य माणसं मीटिंगमध्ये असतात, निदान कॅन्टीनमध्ये तरी. मी मात्र बेडरूममध्ये एका प्लायवुडच्या फळीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून, साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळाकडे बघत होतो. तेवढ्यात बेल वाजली.

दारात अण्णा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आईने दिलेली पिशवी. गुडघा दाखवायला पुण्याच्या डॉक्टरांकडे आले होते, तिथून न सांगता इकडे.

"आज सुट्टी?"

"वर्क फ्रॉम होम," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातल्या पक्कडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. चपला काढल्या आणि आत आले.

आधी पक्कडीची गोष्ट सांगतो, मग अण्णांकडे येऊ.

तर मंडळी, मला मॉडेल रेल्वेचं खूळ आहे. याला कारण कोथरूडचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम. १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं आणि पुढच्याच वर्षी शाळेच्या ट्रिपमध्ये मी ते पाहिलं. बाकीची पोरं गाड्या बघत होती. मी सिग्नल बघत होतो, सांधे बघत होतो, गाडी या रुळावरून त्या रुळावर नेमकी कशी जाते ते बघत होतो. गँगमनचा मुलगा ना मी! अण्णा कर्जत-लोणावळा घाटात रुळावर काम करायचे. गँगमन म्हणून लागले आणि मुकादम म्हणून रिटायर झाले. घरात गाडीपेक्षा रुळाच्याच गप्पा जास्त.

पगार सुरू झाल्यावर लोक बाइक घेतात, गिटार घेतात. मी एक इंजिन आणि चार डबे घेतले. मग लग्न झालं, टूबीएचके झाला, ईएमआय सुरू झाला आणि छोट्या बेडरूममध्ये आठ बाय चार फुटांची प्लायवुडची फळी आली. बायको म्हणाली, "पाळणा लागेपर्यंत खोली तुझी." अॅग्रीमेंट क्लिअर होतं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं बेसिक. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. हे गणित युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून आलंय. आपल्या पुणे मेट्रोचंही गेज तेच. पण आपली ब्रॉडगेज आहे १६७६ मिलिमीटर. ८७ ने भागलं तर १९ च्याही वर जाते. म्हणून आपले निळे डबे एचओच्या रुळावर ठेवले, की पाय जवळ घेऊन उभ्या राहिलेल्या पैलवानासारखे दिसतात. सवय होते.

खरी गंमत बाकाची. आपल्याकडे ब्रॉडगेजला सगळ्यात कडक बाक १० डिग्रीचा, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचा. तो १:८७ मध्ये आणायचा तर त्रिज्या होते दोन मीटर. म्हणजे गाडी नुसती वळवायला चार मीटर रुंद खोली पाहिजे! टूबीएचकेमध्ये चार मीटर फक्त ब्रोशरमध्ये असतात. त्यामुळे आम्ही गरीब लोक १८ इंची बाक वापरतो, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर त्रिज्या. खऱ्या जगात हा ४० मीटरचा बाक झाला. तिथे ब्रॉडगेजची एक्सप्रेस वळवायला कुणी धजणार नाही.

मला घाटही हवा होता. अर्थातच. बोरघाटाचा चढ आहे ३७ ला एक. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मध्ये साडेसात सेंटिमीटर तरी उंची लागते. ३७ ने गुणा, चढच होतो पावणेतीन मीटरचा. माझी फळी अडीच मीटरचीही नाही. उतार वेगळाच. घाट कॅन्सल. ही माझी पहिली दुरुस्ती. ती कागदावर झाली म्हणून खोडरबरात भागली.

दुसरी दुरुस्ती खिळ्यांवर झाली. फ्लेक्स ट्रॅक नावाचा रूळ मिळतो, साधारण एक यार्ड लांबीचा. वेतासारखा वाकवायचा, खाली कॉर्कची पट्टी घालायची आणि बारीक खिळ्यांनी धरून ठेवायचा. सुरुवातीला स्टेशन दाराजवळ होतं. दार उघडलं की प्लॅटफॉर्मवरचे प्रवासी आडवे. मग खिळे उपटले आणि स्टेशन खिडकीखाली नेलं. एक शनिवार गेला. चालायचंच.

या खेळातला सगळ्यात मोठा फंडा आता सांगतो. रूळ नुसत्या खिळ्यांवर ठेवून महिनाभर गाडी पळवायची. पुढे, मागे, हळू, जोरात, लांब डबे, छोटे डबे. जिथे पडायची तिथे ती त्या महिन्यातच पडते. तोवर खडी चिकटवायची नाही. हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं आणि प्रत्येक जण ते वाचून विसरतो.

मी विसरलो, कारण भाच्याचा वाढदिवस. "मामाकडे ट्रेन बघायला" बारा पोरं येणार होती. नुसत्या प्लायवुडवरचा रूळ कसा दाखवणार? दोन रात्री जागून खडी पसरली. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी, वर लिक्विड सोपचे दोन थेंब, आणि ड्रॉपरने टिपटिप सोडायचं. सकाळी सगळं दगडासारखं घट्ट. दिसत होतं मात्र जाम भारी.

पोरं आली. गाडी सुटली. खिडकीजवळच्या बाकावर तिसरा डबा पडला. पोरं खूश! त्यांना अॅक्सिडेंटच बघायचा होता. मी डबा उचलून ठेवला. पुढच्या फेरीला पुन्हा तिसरा डबा.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐका. डब्यात वजनासाठी एक-एक रुपयाची नाणी चिकटवली. डब्यांचा क्रम बदलला, तर नवा तिसरा पडायला लागला. चाकं बदलली. कपलिंग वाकवलं. मग गाडीच हळू केली. एका विशिष्ट स्पीडला, एका विशिष्ट क्रमाने, नाण्यांसकट ती जायची. पाहुण्यांना मी तेवढंच दाखवायचो. तुमच्यातले जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते आता गालातल्या गालात हसत असतील. पॅचवर पॅच, आणि रिलीज नोट्समध्ये "स्टेबल".

तर, अण्णा.

चहा झाला. लाडू झाले. अण्णा उठले आणि सरळ त्या खोलीत गेले. मी लेआउट बांधल्यापासून ते दोनदाच आले होते, दोन्ही वेळा गर्दीत. आज पहिल्यांदाच नीट बघत होते. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली वाकले आणि नजर रुळाच्या पातळीला आणली. अगदी तसेच, जसे मी लहानपणी त्यांना घाटात वाकलेलं पाहिलं होतं. मुकादम लांबून रुळावर अशी नजर लावतो आणि हाताने खूण करतो. डावीकडे थोडं. अजून. बास.

"गाडी कुठे पडते?"

"पडते कशावरून?"

"डब्यात नाणी आहेत."

मी जागा दाखवली. म्हटलं, "तिसऱ्या डब्यात काहीतरी गडबड आहे."

"डबा मागनं बघू. दोरा आण. आणि पट्टी."

बायकोच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा आणला. त्यांनी वीस सेंटिमीटरवर दोन गाठी मारल्या. एक गाठ माझ्या बोटाखाली, एक त्यांच्या. दोरा बाकाच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरला आणि बरोबर मध्यावर पट्टीने मोजलं, दोरा रुळापासून किती लांब आहे ते. खऱ्या रुळावरही बाक असाच तपासतात. तिथे दोरी वीस मीटरची असते. ज्याला सायबाच्या भाषेत व्हर्साइन म्हणतात ते हेच. बाक सारखा असेल तर आकडा सगळीकडे सारखा येतो. माझ्या १८ इंची बाकाला तो यायला हवा ११ मिलिमीटर.

आम्ही दोरा पुढे पुढे सरकवत गेलो. अण्णा आकडा बोलायचे, मी पेपराच्या मार्जिनमध्ये लिहायचो. अकरा. अकरा. सात. सोळा. सात. अकरा.

"सोळा कुठे आला?"

मी बोट ठेवलं. खडीखाली, बरोबर त्या जागी, दोन रुळांचा जोड होता.

"हा बाक नाही," अण्णा म्हणाले. "हा कोपरा आहे. त्यावर तू रंगरंगोटी केलीस."

एका सेकंदात सगळं कळलं. फ्लेक्स ट्रॅकची टोकं हट्टी असतात. मधला भाग वाकतो, टोकं सरळच राहायला बघतात. बाकाच्या मधोमध दोन तुकडे जोडले, की दोघांची टोकं सरळ आणि मध्ये कोन. इंजिन जड, ते रेटून जातं. पहिले दोन डबे इंजिनाच्या ओढीने जातात. तिसऱ्यापर्यंत ओढ सैल होते आणि चाक रुळावर चढतं. डबा कुठलाही असो, तिसरा पडणारच. मी सहा आठवडे डब्याची चौकशी करत होतो!

यावर उपाय सोपा आहे. दोन तुकडे टेबलावर सरळ ठेवून आधी सोल्डर करायचे आणि मग अख्खा जोडरूळ एकत्र वाकवायचा. आतला रूळ बाकात पुढे सरकतो, त्याचं जास्तीचं टोक कापायचं. आणि उरलेला जोड शक्यतो सरळ भागात आणायचा. पण त्यासाठी आहे तो रूळ उचलावा लागतो.

"अण्णा, सगळं चिकटवलंय हो. फेव्हिकॉल आहे."

"मग? भिजव."

खरंच की! साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्याला विरघळतो, म्हणूनच तर आपण पाणी घालून वापरतो. सुकल्यावरही कोमट पाणी आणि साबणाचे थेंब सोडले, तासभर थांबलं, की तो मऊ पडतो. मी बाकभर पाणी सोडलं. आता थांबणं आलं. दोघं पलंगाच्या कडेला बसलो. बाहेर पाऊस.

घाटातला रूळही असाच उचललेला आहे, अण्णा सांगायला लागले. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली तेव्हा खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगर एवढा उभा की गाडी सरळ चढवायला जागाच नव्हती. गाडी तिथवर यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट तोंडाने पुढचा चढ. आपल्या लेकी म्हणतात तसा झिगझॅग. एवढी वर्षं त्यावर गाड्या चालल्या, लोक आले-गेले, आणि १९२९ साली नवे बोगदे काढून रूळ दुसरीकडून नेला. रिव्हर्सिंग स्टेशन बंद.

"म्हणजे आधीचं चुकलं होतं?" मी विचारलं.

"चुकलं कशाला? त्या वेळी तेवढंच जमत होतं. पुढे गाड्या वाढल्या, विजेची इंजिनं आली, मग बदललं."

मग स्वतःशीच हसले. "आमच्या खात्याचं नाव माहितीये ना? पर्मनंट वे. रूळ टाकताना आधी माल वाहायला कच्चा रूळ टाकायचे. काम झालं की पक्का. तो पर्मनंट. आणि त्या पर्मनंट रुळावर कीमन रोज चालतो हातोडा घेऊन. रोज. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन पेट्रोलिंग. पर्मनंट असता तर कशाला चालला असता?"

"पर्मनंट" हा आमच्या घरातला फार जुना शब्द. मी नोकरीला लागलो तेव्हापासून आई-अण्णांचा एकच प्रश्न असायचा, पर्मनंट झालास का? मी कॉन्ट्रॅक्टवर होतो. मग पर्मनंट झालो. पेढे वाटले.

अण्णा खडीवर बोट दाबून बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"पूर्वी मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असायचास. आता पहिल्या रिंगला उचलतोस."

दोन महिने झाले होते. प्रोजेक्ट बंद झालं. आधी बेंचवर बसवलं, मग एका शुक्रवारी छोट्या खोलीत बोलावलं, लॅपटॉप जमा करून घेतला. बायकोला माहीत होतं. तिच्या पगारात ईएमआय जातोय. बाकी कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि आता तुम्हालाही सांगून टाकतो, मंडळी. गेल्या काही आठवड्यांत या पानावर ऑफिसातले जे किस्से वाचून तुम्ही हसलात, ते सगळे जुने होते. नवीन किस्से घडायला ऑफिसच नव्हतं. सॉरी.

सांगताना माझा आवाज कसा झाला असेल ते तुम्ही समजू शकता. अण्णांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, सरकारी बघ. किंवा, आईला काय सांगू? तसलं काही नाही.

"मी पण आधी कॅज्युअलवरच लागलो होतो," ते म्हणाले. "पर्मनंट व्हायला बरीच वर्षं गेली. तू झालास तेव्हा." थोड्या वेळाने म्हणाले, "आईला मी सांगतो. तू सांगितलंस तर ती रडेल आणि मग तू रडशील. चल, सुटलाय बघ."

खडी सुटली होती. आईस्क्रीमच्या काडीने ती खरवडून वाटीत भरली. धुऊन पुन्हा वापरता येते. रूळाखाली पातळ पट्टी सरकवली आणि तो हळूच वर आला. दोन स्लीपर तुटले, तेवढं चालतं.

दुपारी मी सोल्डरिंग केलं आणि अण्णांनी दोरा धरला. अकरा, अकरा, दहा, अकरा, अकरा, बारा. "चालेल," मुकादम म्हणाले. मग त्यांची नजर स्टेशनाकडे गेली. तिथे रूळ आधी डावीकडे वळून लगेच उजवीकडे वळत होता. "हा पण देणार तुला त्रास," म्हणाले. इंग्रजी एससारख्या वळणात एका डब्याचं टोक डावीकडे ओढलं जातं आणि मागच्याचं उजवीकडे. दोघांच्या मध्ये किमान एका डब्याएवढा सरळ रूळ लागतो. आपला नेहमीचा निळा डबा एचओमध्ये साधारण २५ सेंटिमीटरचा होतो. तेवढी जागा काढायची तर मालगाडीची सायडिंग जाणार. ती सायडिंग माझी लाडकी होती. गेली. आणि सरळ भागातल्या जोडांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून थोडी जास्त फट ठेवली. आपल्याकडे पावसात प्लायवुड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. रुळाला हलायला जागा नसेल तर तो वाकडा होऊन जागा करून घेतो. व्हिजिटिंग कार्डं घरात भरपूर होती, उपयोग झाला.

संध्याकाळी बायको आली तेव्हा आम्ही दोघं फरशीवर बसून होतो आणि गाडी फिरत होती. डब्यातली नाणी काढून टाकली होती. स्पीड फुल. तिसरा डबा बाकावरून गेला. चौथा गेला. तिने अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ती आत जाऊन कुकर लावायला लागली आणि बऱ्याच दिवसांनी तिला गुणगुणताना ऐकलं.

"आता चिकटवू?" मी अण्णांना विचारलं.

"एवढी काय घाई आहे?"

याला सहा आठवडे झाले. रूळ अजून खिळ्यांवरच आहे. नोकरी मिळाली का, तर दोन इंटरव्ह्यू झाले, तिसरा या गुरुवारी आहे. इंटरव्ह्यूत विचारतात, मध्ये गॅप का? पूर्वी मी काहीतरी सर्टिफिकेशनचं सांगायचो. परवा सरळ सांगितलं, काम गेलं होतं. समोरचा माणूस दोन सेकंद थांबला आणि पुढचा प्रश्न विचारला. छत कोसळलं नाही.

आईला अण्णांनी सांगितलं. ती रडली म्हणे, पण कमी. आता दर रविवारी फोन येतो. आधी आई बोलते, जेवलास का वगैरे. मग अण्णा घेतात.

"रूळ बघितलास?"

"बघितला."

"किती आला?"

"अकरा. एका ठिकाणी बारा."

"बरं. उद्या परत बघ."